अंगणातली वेधशाळा

'हौशी' हा शब्द आपण मराठी माणसांनी थोडा हलक्या अर्थाने वापरावयास सुरुवात केली आहे. हौशी नट म्हणजे ज्याचे पाठांतर कच्चे तो नट, हौशी गवई म्हणजे ज्याचा सूर लागला तर लागला असा गवई, अशी काहीशी समजूत रूढ झाली आहे. पोटासाठी जो एखादे काम करतो त्याच्यावर कोणाची तरी देखरेख असते. हौसेसाठी जो करतो त्याच्यावर कोणाचीच नसते, म्हणून त्याचे काम सैल असणारच, असा यामागचा तर्क आहे. तो मला मान्य नाही. ज्याच्यावर दुसऱ्याची देखरेख नाही त्याला स्वतःवर अधिक कडक देखरेख ठेवावी लागते, आणि तशी ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांपैकी एका वृद्ध गृहस्थाला हिमवादळांचा अंदाज करण्याचा नाद होता. त्या नादाविषयी मला येथे लिहावयाचे आहे.

बर्फ म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे सरबताचा पेला येतो; फार तर हिमालयाचे चित्र. आकाशातून पडणारा बर्फ महाराष्ट्रातल्या बहुसंख्य वाचकांनी पाहिलेला नसतो. मीही वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत तो पाहिला नव्हता. तथापि त्याच्याशी आपला काहीच संबंध नाही असे समजू नये. १८७५ साली भारतीय हवामानखाते स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावर हिवाळ्यात पडणारा बर्फ आणि त्यानंतरचा मोसमी पाऊस यांचा संबंध जुळवून पाहिला. डोंगरांवर बर्फ फार पडला, तर पुढचा पाऊस कमी पडण्याचा संभव, असे त्यांचे निरीक्षण होते. त्या आधारावर १८८६ पासून पावसाळ्याचे अंदाज नियमाने प्रसिद्ध होऊ लागले. म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या पावसाचा पहिला सरकारी अंदाज दूरच्या बर्फावरून केला गेला होता!

सेवानिवृत्तीनंतरचा पहिलाच हिवाळा मी मुलीकडे अमेरिकेत काढला. मॅसॅच्युसेट्स राज्यात बॉस्टनच्या पश्चिमेस सुमारे चाळीस मैलांवर वूस्टर नावाचे शहर आहे. त्याच्याजवळच्या टेकड्यांवरील एका लहानशा गावी मुलीचे बिऱ्हाड होते. तो हिवाळा २०१४-१५ चा. त्या एका हिवाळ्यात बॉस्टनमध्ये ११०.६ इंच, म्हणजे नऊ फुटांहून अधिक बर्फ पडला. मोजणी सुरू झाल्यापासून इतका कधीच पडला नव्हता. मी मात्र हा काय तो तिथला नेहमीचा हिवाळा, असे समजून चाललो होतो. "बाबा, दर वर्षी असं नसतं हो!" असे मुलगी मला पुनःपुन्हा सांगे.

शेजारच्या घरात टपालखात्यातून निवृत्त झालेले एक सत्तरीचे गृहस्थ राहत. बोलणे मोजके, डोक्यावर लोकरी टोपी, हातात सदैव एक पट्टी. त्यांच्या परसात दोन फूट लांबरुंद अशी पांढऱ्या रंगाची एक लाकडी फळी जमिनीवर ठेवलेली असे, आणि ती बर्फाखाली हरवू नये म्हणून तिच्याशेजारी एक उंच काठी रोवलेली असे. (ही काळजी अनाठायी नव्हे. २०१६ च्या जानेवारीतील मोठ्या वादळात वॉशिंग्टनच्या विमानतळावरील निरीक्षकांची फळी बर्फातच गडप झाली आणि त्यांच्या मोजणीविषयी पुष्कळ वाद झाला.) फळीपासून थोड्या अंतरावर पाऊस व बर्फ गोळा करणारे नळकांडे होते. सावलीतल्या झडपांच्या पेटीत तापमापक होता, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक जुना वायुभारमापक. एवढीच त्यांची वेधशाळा.

बर्फ मोजणे म्हणजे त्यात पट्टी खुपसणे, अशी माझी कल्पना होती. ती त्यांनी पहिल्याच भेटीत मोडून काढली. पडलेला बर्फ स्वतःच्या भाराने दबत जातो. म्हणून जो मनुष्य दर तासाला मोजतो आणि मोजून फळी पुसतो, त्याची बेरीज फुगते. आणि जो वादळ संपल्यावर एकदाच मोजतो, त्याची बेरीज आकसते. तेव्हा नियम असा की, फळी सहा तासांच्या आत पुसावयाची नाही; उंची इंचाच्या दहाव्या भागापर्यंत वाचावयाची. वाऱ्याने जेथे ढीग लावला आहे तेथे मोजू नये, जेथे उडवून नेला आहे तेथेही मोजू नये. एवढ्याने भागत नाही. तो बर्फ घरात नेऊन वितळवावयाचा आणि त्याचे पाणी किती झाले तेही लिहावयाचे. साधारणपणे दहा इंच बर्फाचे एक इंच पाणी होते असे म्हणतात. परंतु ओला, जड बर्फ असेल तर पाच-सहा इंचांतच एक इंच पाणी निघते, आणि कडक थंडीत पडलेला पिसासारखा बर्फ असेल तर वीस इंचांतूनही तेवढेच निघते. पहाटे चार वाजता, शून्याखाली बारा-पंधरा अंश थंडीत, हे सत्तर वर्षांचे गृहस्थ कंदील घेऊन फळीपाशी ओणवे झालेले मी खिडकीतून पाहिले आहेत. त्यासाठी त्यांना कोणी एक पैसाही देत नव्हते.

मोजणी समजली, पण पुढील वादळाचा अंदाज ते कसा करीत? त्या किनाऱ्यावरच्या मोठ्या हिमवादळांना 'नॉरईस्टर' म्हणतात, कारण त्या वेळी किनाऱ्यावर ईशान्येचा वारा असतो. वाऱ्याचे नाव तो जिकडे जातो त्यावरून नव्हे, तर जिकडून येतो त्यावरून पडते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. हिवाळ्यात कॅनडाकडून कोरडी, बोचरी थंड हवा खाली उतरते. आणि किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्रातून गल्फ स्ट्रीम हा उष्ण प्रवाह वाहत असतो. या दोहोंच्या सीमेवर हवेचा दाब कमी होऊन भोवरा तयार होतो आणि किनाऱ्याला समांतर असा ईशान्येकडे सरकू लागतो. तो नेमका कोठून जातो यावर सगळे अवलंबून. तेथील हौशी मंडळींनी नकाशावर एक बिंदू मनाशी पक्का केलेला असतो: ४० अंश उत्तर अक्षांश आणि ७० अंश पश्चिम रेखांश. नँटकेट नावाच्या बेटाच्या दक्षिणेस भर समुद्रात हा बिंदू येतो. वादळाचे केंद्र या बिंदूजवळून गेले तर त्या भागात भरपूर बर्फ पडतो. ते किनाऱ्याच्या फार जवळून गेले तर समुद्राची ऊब आत येऊन बॉस्टनमध्ये नुसता पाऊस पडतो. फार दूरून गेले तर सारे समुद्रावरच संपते आणि मुलांची सुटी बुडते!

हा झाला साऱ्या प्रदेशाचा विचार. परंतु हौशी माणसाची खरी कसोटी त्याच्या स्वतःच्या गावात लागते. आमचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंच होते. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे तीनशे मीटरला दोन अंशांचा फरक. दोन अंश म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. परंतु बॉस्टनच्या बंदरावर हवा शून्याच्या वर दीड अंश असली, तर आमच्या टेकडीवर ती शून्याखाली अर्धा अंश असणार. आणि तिकडचा पाऊस इकडे बर्फ होणार. शिवाय पूर्वेकडून येणारा दमट वारा या टेकड्यांच्या चढणीवर वर ढकलला जातो, थंडावतो आणि अधिक बर्फ पाडतो. आपल्या सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाचे जे होते तेच हे, दिशा तेवढी उलट.

याहून अवघड अशी एक गोष्ट त्यांनी मला कागदावर रेघा ओढून समजावून दिली. जमिनीवर थंडी आहे एवढ्याने बर्फ पडेलच असे नाही. आकाशात मध्येच एखादा उबदार थर घुसलेला असला, तर हिमकण त्यात वितळतो. आणि खाली जमिनीलगतच्या थंडीत शिरून, ज्याला टेकेल त्याच्यावर गोठून बसतो. २००८ च्या डिसेंबरात त्या टेकड्यांवर असेच घडले. बर्फाऐवजी गोठणारा पाऊस पडला. झाडांच्या फांद्या काचेसारख्या होऊन मोडल्या, विजेच्या तारा तुटल्या, आणि ईशान्य अमेरिकेतील लक्षावधी घरे ऐन थंडीत अंधारात राहिली. त्या वेळी आपला अंदाज काय होता, हे त्या गृहस्थांनी आपली वही उघडून मला दाखवले. तेथे लिहिले होते: 'आठ इंच बर्फ'. पुढच्या रकान्यात तांबड्या शाईने लिहिले होते: 'साफ चूक'.

ही वही हाच माझ्या मते त्यांच्या साऱ्या उद्योगाचा गाभा होय. तिशीहून अधिक हिवाळ्यांच्या अशा वह्या त्यांच्या कपाटात ओळीने लावलेल्या होत्या. प्रत्येक पानावर तीन रकाने: वादळापूर्वी आपण काय म्हटले, त्याबद्दल खात्री किती, आणि प्रत्यक्ष काय झाले. पहिले दोन रकाने वादळाच्या आदल्या रात्री नऊपूर्वी भरावयाचे, आणि एकदा भरल्यावर त्यांत खाडाखोड करावयाची नाही. खात्रीच्या रकान्यात 'नक्की' हा शब्द मला एकदाही आढळला नाही. 'दहांत सहा', 'दहांत आठ' अशा नोंदी असत. ज्या ज्या वेळी दहांत आठ लिहिले, त्यांपैकी खरोखर किती वेळा तसे घडले, याचा हिशेब ते एप्रिलमध्ये मांडीत. ही युक्ती त्यांची स्वतःची नव्हे. ग्लेन ब्रायर या हवामानशास्त्रज्ञाने १९५० साली अशा अंदाजांना गुण देण्याची एक रीत सांगितली आहे. तेथील सरकारी हवामानसेवाही १९६५ पासून पावसाचा संभव शेकड्याच्या भाषेतच सांगते. परंतु विद्वानांची रीत आपल्या स्वयंपाकघरात आणून, कोणीही विचारणारे नसताना, तीस वर्षे ती पाळणे ही गोष्ट सामान्य नव्हे.

'नक्की' का म्हणावयाचे नाही, याचे कारणही त्याच प्रदेशात सापडले आहे. बॉस्टनच्या शेजारी, चार्ल्स नदीपलीकडे केंब्रिज येथे जी प्रसिद्ध तंत्रशास्त्र संस्था आहे, तेथे एडवर्ड लोरेंझ हे हवामानाची गणिते यंत्राकडून सोडवून घेत असत. १९६१ साली एकदा त्यांनी जुने गणित मध्यापासून पुन्हा सुरू केले, मात्र ०.५०६१२७ हा आकडा देण्याऐवजी थोडक्यात ०.५०६ एवढाच दिला. थोडा वेळ दोन्ही उत्तरे जुळली आणि मग एकमेकांपासून अशी दूर गेली की, ती एकाच गणिताची आहेत हे ओळखू येईना. आरंभीच्या मापात केसाएवढी चूक असली तरी काही दिवसांनी आकाशाएवढी होते, हा त्यांचा शोध १९६३ साली प्रसिद्ध झाला. म्हणूनच आता मोठमोठी गणकयंत्रे एकच अंदाज करीत नाहीत. आरंभीच्या मापात थोडथोडा फरक करून तीच गणिते पन्नास-पन्नास वेळा करतात आणि किती उत्तरे एकमेकांशी जुळतात ते पाहतात. आमचे शेजारी रोज संध्याकाळी अमेरिकेच्या व युरोपच्या यंत्रांनी केलेले असे नकाशे पाहत. परंतु त्या पन्नासांतील ज्या एका नकाशावर दहा दिवसांनी तीन फूट बर्फ दाखवला आहे, तेवढाच उचलून गावभर दवंडी पिटणाऱ्या हौशी मंडळींचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. मलाही तो आहे. अशी माणसे आपल्याकडेही आहेत. भ्रमणध्वनीवर ढगांचे रंगीत चित्र आले की उद्या प्रलय होणार असे ती सांगतात. परवा त्यांना कोणी विचारीत नाही, आणि तीही आपण होऊन काही सांगत नाहीत.

२६ जानेवारी २०१५ ची संध्याकाळ मला चांगली आठवते. आपल्या प्रजासत्ताकदिनाच्या शुभेच्छा मी सकाळी फोनवरून सर्वांना दिल्या होत्या. संध्याकाळी वारा ईशान्येला वळला आणि वायुभारमापकाचा काटा भराभर उतरू लागला. हवामानसेवेने 'ब्लिझर्ड'चा इशारा दिला होता. वाऱ्याचा वेग वा त्याचे वारंवार येणारे झोत ताशी ३५ मैल किंवा अधिक, आणि बर्फामुळे पाव मैलापलीकडे दिसू नये, अशी स्थिती निदान तीन तास टिकली तरच तेथे हा शब्द वापरतात. शेजाऱ्यांनी नऊ वाजण्यापूर्वी वहीत लिहिले: 'अठरा इंच, दहांत सहा'. सरकारी अंदाज याहून मोठा होता. रात्रभर घराच्या भिंती घुमत होत्या. दुसऱ्या दिवशी दार उघडेना. खिडकीतून बाहेर येऊन जावयाने फावड्याने वाट केली. वूस्टरला त्या वादळात ३४.५ इंच बर्फ पडला. तोवर तेथे एका वादळात इतका बर्फ कधी मोजला गेला नव्हता. आमच्या परसातील फळीवर सारे मिळून बत्तीस इंचांवर भरला. शेजाऱ्यांनी बर्फ वितळवून पाण्याचे माप घेतले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच खरा आनंद पाहिला. पाणी त्यांच्या अंदाजाएवढेच, पावणेदोन इंचांच्या आसपास भरले होते. चुकले होते ते एवढेच, की बर्फ दहापट होईल असे त्यांनी धरले होते आणि कडक थंडीमुळे तो जवळजवळ अठरापट हलका झाला. 'चूक. पाणी बरोबर, बर्फ चूक. थंडीला मान दिला नाही,' असे त्यांनी तांबड्या शाईने लिहिले. आपली चूक नेमकी कोठे झाली हे कळल्याचा तो आनंद होता. शाळेत मी चाळीस मुलांच्या वह्या तपासत असे. परंतु आपली चूक सापडली म्हणून हर्षभरित झालेला विद्यार्थी मला क्वचितच भेटला, आणि तसा शिक्षक तर त्याहूनही क्वचित.

त्याच रात्री दक्षिणेकडे न्यू यॉर्क शहरात उलटे घडले. तेथे दोन फूट वा अधिक बर्फ पडेल असे सांगितले गेले होते. रस्ते बंद झाले, आणि बर्फाच्या कारणास्तव तेथील भुयारी रेल्वे इतिहासात प्रथमच बंद ठेवण्यात आली. वादळाचा दाट पट्टा अपेक्षेपेक्षा पन्नास-शंभर मैल पूर्वेला राहिला. सेंट्रल पार्कमध्ये ९.८ इंच बर्फ भरला. आणि तेथून पूर्वेस, लाँग आयलंडवरील आयस्लिप येथे २४.९ इंच. लोक हवामानसेवेवर तुटून पडले. न्यू जर्सी व फिलाडेल्फिया भागाचा अंदाज करणाऱ्या सरकारी कचेरीच्या प्रमुखाने जाहीर क्षमा मागितली. त्याला हसणारे पुष्कळ निघाले. माझ्या मनात मात्र त्या गृहस्थाविषयी आदरच उत्पन्न झाला. तांबड्या शाईचा रकाना सर्वांसमक्ष भरण्यास धैर्य लागते.

अंदाज चुकल्याने केवळ एक दिवसाचा व्यवहार बुडतो असे नव्हे. लोकांचा विश्वास उडाला तर माणसे मरतात. ६ फेब्रुवारी १९७८ रोजी त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये मोठे वादळ येणार, असे हवामानखात्याने आधी सांगितले होते. बर्फ पहाटेच सुरू होईल अशी अपेक्षा होती. सकाळ झाली तरी आकाशातून काही पडेना, तेव्हा 'यांचे नेहमीचेच!' असे म्हणून लोक कामावर गेले. बर्फ सुरू झाला तो काही तास उशिरा. आणि मग असा कोसळला की, घरी परतणाऱ्या तीन हजारांवर मोटारी बॉस्टनभोवतीच्या एका हमरस्त्यावर जागच्या जागी गाडल्या गेल्या. काही जण त्या मोटारींतच गुदमरून मेले. बॉस्टनमध्ये २७.१ इंच बर्फ पडला आणि साऱ्या वादळात सुमारे शंभर माणसे दगावली. अंदाज चुकला नव्हता. काही तासांनी पुढे सरकला होता, इतकेच. म्हणून मी म्हणतो की, अंदाज सांगणाऱ्याने आपल्या खात्रीचे माप अंदाजाबरोबरच सांगितले पाहिजे, आणि ऐकणाऱ्यानेही ते ऐकण्याची सवय करून घेतली पाहिजे.

शेजाऱ्यांच्या वह्या चाळताना माझी मलाच लाज वाटत होती, तिचे कारण येथे सांगणे प्राप्त आहे. २६ जुलै २००५ या दिवशी मी ठाणे जिल्ह्यातील नदीकाठच्या एका शाळेचा मुख्याध्यापक होतो. दुपारी पाऊस वाढू लागला तेव्हा शिक्षकांनी शाळा सोडण्याविषयी विचारले. मी व्हरांड्यात येऊन आभाळाकडे पाहिले आणि म्हणालो, "तासाभरात उघडेल." माझा शब्द कोणी मोडला नाही. चार वाजता शाळेसमोरचा रस्ता पाण्याखाली गेला. दूरच्या वाडीवरची साठ मुले आम्ही वरच्या मजल्यावर नेली. कंदिलाच्या उजेडात, चुरमुरे खाऊन ती रात्र काढली. सकाळी सर्व मुले सुखरूप घरी पोहोचली, ही ईश्वराची कृपा. माझी हुशारी नव्हे. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि तीसेक किलोमीटरच्या आतच असलेल्या कुलाब्याला तो ७५ च्याही आत होता. असा पाऊस कोणाला आधी कळावा? हे म्हणणे खरे आहे. पण त्याने माझे समाधान होत नाही. त्या शाळेत मी अकरा पावसाळे काढले होते आणि एकाही दिवसाचा पाऊस मी मोजून ठेवला नव्हता. किती पावसाला नदी किती वेळात चढते याची एकही नोंद माझ्याजवळ नव्हती. माझ्या 'उघडेल' या शब्दामागे मुख्याध्यापकाची खुर्ची होती, दुसरे काही नव्हते.

असे असता, हौशी माणसांनी अंदाज करूच नयेत, ते काम खात्यावर सोपवावे, असे कोणी म्हणेल. माझ्या ओळखीचे काही सुज्ञ लोक असे म्हणतातही. धोक्याचा इशारा देण्याचा अधिकार एकट्या हवामानखात्याचाच असावा, यात मला शंका नाही. दहा तोंडांनी दहा इशारे दिले तर लोक एकही ऐकणार नाहीत. शेजाऱ्यांचाही नियम असाच होता. स्वतःचा आकडा सरकारी आकड्याहून लहान असला, तर तो ते वहीत लिहीत, परंतु शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत नसत. त्या २६ जानेवारीला गावात दूध-पाव भरून ठेवण्याची धावपळ चालली होती, तेव्हा त्यांनी आपले 'अठरा' मनातच ठेवले, हे बरेच झाले म्हणावयाचे! परंतु खाते साऱ्या प्रदेशाकडे पाहते. एका टेकडीचा, एका ओढ्याचा, एका वळणाचा स्वभाव तेथे राहणाऱ्यालाच कळतो, आणि तोही तो मोजील तरच. १९९७ च्या जुलैत कोलोरॅडो राज्यातील फोर्ट कॉलिन्स शहराच्या एका टोकाला चौदा इंचांवर पाऊस पडून पूर आला. दुसऱ्या टोकाला दोन इंचही पडला नाही. हे पाहून तेथील विद्यापीठातील हवामानतज्ज्ञ नोलन डोस्केन यांनी १९९८ पासून गावकऱ्यांनाच साधी पर्जन्यमापके घेऊन मोजणीस बसवले. पुढे साऱ्या देशातून हजारो लोक त्यांत सामील झाले, आणि आज सरकारी तज्ज्ञही त्यांच्या नोंदी वापरतात.

हौशी लोकांविषयी ज्यांना अजूनही शंका असेल त्यांनी १८८५ हे साल आठवावे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ॲबट लॉरेन्स रॉच या नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणाने बॉस्टनजवळच्या ब्लू हिल टेकडीवर स्वतःच्या पैशाने वेधशाळा उभारली. तेथील नोंदी तेव्हापासून आजपर्यंत अखंड चालू आहेत. आणि त्याच्या आदल्याच महिन्यात, व्हर्मॉंट राज्यातील जेरिको या खेड्यात, विल्सन बेंटली या एकोणीस वर्षांच्या शेतकऱ्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून एका हिमकणाचे छायाचित्र घेतले. पुढे त्याने अशी पाच हजारांहून अधिक छायाचित्रे घेतली. गावकरी त्याला खुळा समजत. पावसाचा थेंब केवढा असतो हे मोजण्यासाठी त्याने परातीत बारीक पीठ पसरून त्यावर थेंब पडू दिले, आणि पिठाच्या ज्या गोळ्या झाल्या त्या मोजल्या. स्वयंपाकघरातील पिठाने केलेल्या या प्रयोगाची खरी किंमत शास्त्रज्ञांना कित्येक वर्षांनी कळली. १९३१ च्या डिसेंबरात हिमवादळातून पायी घरी आल्यावर तो आजारी पडला आणि न्यूमोनियाने वारला. त्याच वर्षी त्याचे हिमकणांचे पुस्तक प्रसिद्ध झाले होते.

२०१५ च्या एप्रिलमध्ये मी परत आलो. शेजाऱ्यांनी निरोपाच्या वेळी मला तीन रकाने आखलेली एक कोरी वही दिली. येथे बर्फ नाही. तेव्हा मी परसात पर्जन्यमापक बसवला आणि जूनपासून रोज सकाळी साडेआठ वाजता मोजावयास आरंभ केला. पहिल्या पानावर माझ्या हस्ताक्षरात आहे: 'आज सायंकाळी पाऊस; दहांत नऊ'. पाऊस आला नाही. तांबडी शाई घरात नव्हती, ती दुकानातून आणून मी तेही लिहिले, आणि सर्व हकीकत शेजाऱ्यांना पत्राने कळवली. त्यांचे उत्तर एका ओळीचे आले: 'दुसऱ्या पानावर काय आहे?'